तीस-तीन : एका पराभवाच्या आठवणींचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

२२ ऑगस्ट २००७ रोजी बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स मैदानावर टेक्सास रेंजर्सने यजमान बाल्टिमोर ओरिओल्सचा ३०–३ असा पराभव केला. बेसबॉलमध्ये एक संघ एका सामन्यात साधारणपणे चार-पाच धावा काढतो आणि दहा धावा झाल्या तर दुसऱ्या दिवशी त्याची चर्चा होते, एवढे ध्यानात घेतले तर क्रिकेटच्या सवयीने वाढलेल्या वाचकालाही या आकड्याचे वजन कळेल. अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉलच्या दोन लीगपैकी एकीत, त्यापूर्वी कोणत्याही संघाने एका सामन्यात ३० धावा केल्या नव्हत्या. दोन्ही लीग मिळून पाहिले, तरी इतक्या धावांसाठी १८९७ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी शिकागोने लुईव्हिलला ३६–७ असे हरवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पाहिल्यास २७ धावांचे हे अंतर सर्वांत मोठे आहे.

तो दिवस डबलहेडरचा होता, म्हणजे त्याच दोन संघांत एकाच दिवशी दोन सामने व्हायचे होते, आणि ३०–३ हा त्यांतला पहिला. त्याच दिवशी, सामन्याच्या आधी, क्लबने डेव्ह ट्रेंब्ली यांची पुढच्या हंगामासाठी मॅनेजर, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक, म्हणून नेमणूक जाहीर केली होती. जूनमध्ये सॅम पर्लोझो यांना काढल्यापासून ट्रेंब्ली हंगामी मॅनेजर म्हणून काम पाहत होते. टेक्सासचा संघही त्या वर्षी काही बलाढ्य नव्हता. हंगामाअखेर त्यांचे ७५ विजय आणि ८७ पराभव झाले, तर ओरिओल्सचे ६९ विजय आणि ९३ पराभव.

या लेखाचा विषय मात्र तो सामना नसून त्याची आठवण हा आहे. मेरीलँडमध्ये राहणारे आम्ही पाच जण बरीच वर्षे ओरिओल्सच्या सामन्यांची तिकिटे वाटून घेत आलो आहोत. गटातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य निवृत्त शिक्षक आहेत. १९५४ मध्ये सेंट लुईस ब्राउन्स हा संघ बाल्टिमोरला आला आणि ओरिओल्स झाला, तेव्हा ते शाळकरी होते. दुसऱ्या सदस्य रुग्णालयात परिचारिका आहेत. तिसरे आणि चौथे सख्खे भाऊ आहेत. पाचवा मी, पुण्याहून नोकरीनिमित्त इकडे आलेला आणि शेजाऱ्यांच्या ओढीने या खेळात गुंतलेला. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सामन्यांविषयीचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.

समस्या

२०१७ च्या उन्हाळ्यात, त्या पराभवाला दहा वर्षे होत आली असताना, आम्ही थोरल्या भावाच्या घरी जेवायला जमलो होतो. बोलता बोलता विषय ३०–३ वर आला आणि नेहमीप्रमाणे रंगला. थोरल्या भावाची अकरा वर्षांची मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिचा जन्म त्या पराभवाच्या आदल्या वर्षीचा, त्यामुळे तिच्या लेखी ती घरातली जुनी गोष्ट. तिने साधाच प्रश्न विचारला : त्या सामन्यात पहिली धाव कुणी काढली?

आम्ही पाचांपैकी चौघांनी एका सुरात ‘टेक्सास’ असे उत्तर दिले. ज्येष्ठ सदस्य काही बोलले नाहीत. आठवडाभराने त्यांनी आपल्या कपाटातून त्या दिवशीचे पेन्सिलने भरलेले स्कोअरकार्ड काढून आणले. त्यावरून स्पष्ट झाले, की पहिली धाव बाल्टिमोरची होती. एवढेच नव्हे, तर नऊपैकी तीन इनिंग (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात) संपल्या तेव्हा आपला संघ ३–० असा पुढे होता. जो सामना आम्ही दहा वर्षे ‘पहिल्या चेंडूपासून हरलेला सामना’ म्हणून सांगत होतो, त्याचा पहिला तृतीयांश आम्ही जिंकत होतो.

हा धक्का मला अजून आठवतो. एखादा तपशील विसरणे स्वाभाविक आहे. पण इथे चौघांनी तो विसरला नव्हता, तर त्याच्या जागी दुसरा बसवला होता, आणि चौघांनीही तोच. अंतिम आकड्याने स्वतःला साजेसा आरंभ मागे जाऊन रचून घेतला होता. ‘तीस-तीन’ म्हणताना आम्ही तीस मोजत होतो. ते तीन कुठून आले, हे कुणी विचारलेच नव्हते.

मला त्या वेळी १९७४ चे लॉर्ड्स आठवले. ‘सगळे बाद ४२’ हे शब्द ज्या घरात अनेकदा ऐकले, त्या घरात मी वाढलो. अजित वाडेकरांच्या संघाने त्याच कसोटीत पहिल्या डावात ३०२ धावा केल्या होत्या, हे मला विशी ओलांडल्यावर कळले. आणि त्या ४२ मध्ये एकनाथ सोलकरांच्या नाबाद १८ होत्या, हे त्याहूनही उशिरा. डाव आणि २८५ धावांनी झालेला तो पराभव पराभवच होता, ३०२ मुळे तो सौम्य होत नाही. पण ज्यांनी तो सोसला त्यांची गोष्ट एका आकड्यात बसवली, की तीत माणसे उरत नाहीत. बाल्टिमोरच्या त्या घरात माझ्याही हातून हेच झाले होते, याची मला खंत वाटली.

पर्याय

प्रश्न उघड झाल्यावर काय करायचे, यावर आमची दोन-तीन वेळा चर्चा झाली.

धाकट्या भावाचे म्हणणे होते, की काहीच करू नये. पराभवाची आठवण ही पुरावा म्हणून नसते; ती एकत्र बसून हळहळण्यासाठी असते, आणि त्यात चार गोष्टी इकडच्या तिकडे झाल्या म्हणून कुणाचे बिघडत नाही. या म्हणण्यात तथ्य होते. आमची मैत्री त्या हळहळण्यातूनच घट्ट झाली होती. तरीही एक अडचण होती : प्रश्न विचारणारी मुलगी आता आमच्याकडून उत्तराची वाट पाहत होती, आणि जे चुकीचे आहे हे कळले आहे ते तिला पुन्हा तसेच सांगणे कुणालाच पटेना.

दुसरा पर्याय होता अधिकृत धावफलकावर विसंबण्याचा. तो सहज उपलब्ध आहे आणि त्यात शंकेला जागा नाही. परंतु धावफलकात प्रेक्षक नसतात. चौथ्या इनिंगमध्ये पाच धावा गेल्या हे तो सांगतो. त्या वेळी आमच्या रांगेत काय बोलले गेले, कोण उठून गेले, कोण का बसून राहिले, हे त्यात नाही.

तिसरा पर्याय असा, की प्रत्येकाची आठवण जशी आहे तशी लिहून ठेवावी आणि तिची शहानिशा करूच नये. परिचारिका सदस्यांना हा मार्ग जवळचा वाटत होता. रुग्णाने सांगितलेली हकिगत आधी त्याच्याच शब्दांत नोंदवायची असते, असे त्या म्हणाल्या.

शेवटी आम्ही यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्याची सांगड घातली. प्रत्येकाने आपली आठवण इनिंगवार लिहायची, त्यानंतरच स्कोअरकार्ड उघडायचे, आणि जिथे फरक पडेल तिथे आठवण न खोडता शेजारी नोंद करायची. सर्वांत जास्त वेळ याच निर्णयाला लागला, कारण थोरल्या भावाला चुकलेली आठवण लेखी राहू देणे मान्य नव्हते. मुलीच्या हातात चुकीची गोष्ट जाईल, अशी त्याला भीती होती. ज्येष्ठांनी त्याला एवढेच सांगितले, की खोडरबर वापरलेल्या स्कोअरकार्डवर आपण काय खोडले हे पुढे आपल्यालाच कळत नाही. त्यावर तो राजी झाला.

आणखी एक गोष्ट ठरली. या नोंदीत कोणत्याही पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूची, टवाळी असणार नाही. त्या दिवशी मैदानावर जे उभे होते, त्यांनी ते तीन तास एकवीस मिनिटे आमच्यापेक्षा कठीण जागी काढली होती.

काय केले

प्रत्येकाला नऊ इनिंगचे कोरे तक्ते दिले. पंधरा दिवसांनी ते गोळा केले आणि पेन्सिलच्या स्कोअरकार्डाशी, तसेच प्रसिद्ध धावफलकाशी ताडून पाहिले.

आधी सामन्याची खरी बांधणी सांगतो. टेक्सासने नऊपैकी केवळ चार इनिंगमध्ये धावा केल्या : चौथीत ५, सहावीत ९, आठवीत १० आणि नववीत ६. उरलेल्या पाच इनिंगमध्ये त्यांना एकही धाव मिळाली नाही. आमच्या पाच तक्त्यांपैकी तीनमध्ये जवळपास प्रत्येक इनिंगला धावा मांडलेल्या होत्या. म्हणजे संथ पाण्यासारखा चढत गेलेला पराभव आम्हाला आठवत होता. प्रत्यक्षात तो चार धडकांत आला होता आणि त्यांच्या मध्ये शांत पट्टे होते. त्या शांत पट्ट्यांत आशा ठेवायला जागा होती. पाचव्या इनिंगअखेर गुणफलक ५–३ होता, म्हणजे दोनच धावांनी मागे असल्याने सामना अजून हातातून गेलेला नव्हता.

टेक्सासने २९ हिट (बेसवर पोचवणारे फटके) मारले, पण ज्यांनी सर्वाधिक धावा आत आणल्या, ते फलंदाजीच्या क्रमात शेवटी, आठव्या आणि नवव्या जागी खेळणारे होते. जॅरॉड साल्टालामाकिया आणि रामोन व्हाझकेझ या दोघांनी प्रत्येकी दोन होमरन मारले आणि प्रत्येकी सात धावा आत आणल्या. सहाव्या इनिंगमध्ये मार्लन बर्डने आणि आठवीत ट्रॅव्हिस मेटकाफने ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना चेंडू कुंपणापार घालवला. क्रमात तळाशी असलेल्या त्या दोघांचा उल्लेख आमच्यापैकी फक्त एकाच तक्त्यात होता, आणि तो परिचारिका सदस्यांच्या. त्या मैदानावर नव्हत्याच. कामाच्या मधल्या सुट्टीत आणि नंतर घरी परतताना गाडीत त्यांनी रेडिओवर सामना ऐकला होता. त्यांनी चौथी आणि आठवी एवढ्याच इनिंग लिहिल्या, बाकीचे रकाने कोरे ठेवले, आणि जे लिहिले ते जवळजवळ बिनचूक होते. याचे कारण माझ्या मते असे, की रेडिओवर समालोचक प्रत्येक बॅटरचे नाव, बेसवरची स्थिती आणि धावसंख्या पुन्हा पुन्हा सांगत असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात घटना क्रमाने बसतात. मैदानात बसलेल्याच्या मनात मात्र चित्रे राहतात, आणि चित्रांना क्रमांक नसतात.

धाकट्या भावाचा तक्ता सर्वांत भरगच्च होता आणि सर्वांत चकवणारा. आठव्या इनिंगच्या रकान्यात त्याने लिहिले होते, की ओरिओल्सने शेवटी हात टेकून एका क्षेत्ररक्षकालाच पिचिंगला उभे केले आणि त्यालाही ग्रँड स्लॅम बसला. हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होते. पण २००७ च्या त्या सामन्यात असे काही झालेच नाही. बाल्टिमोरच्या वतीने डॅनियल कॅब्रेरा, ब्रायन बरेस, रॉब बेल आणि पॉल शूई या चौघांनी पिचिंग केले, आणि चौघेही मूळचे पिचरच होते.

मग ती आठवण आली कुठून? उत्तर ज्येष्ठ सदस्यांनी दिले. १९ एप्रिल १९९६ रोजी टेक्सासमधील आर्लिंग्टनला याच रेंजर्सनी याच ओरिओल्सना २६–७ असे हरवले होते. त्या सामन्याच्या आठव्या इनिंगमध्ये टेक्सासने सोळा धावा काढल्या, आणि ओरिओल्सने मॅनी अलेक्झांडर या इनफिल्डरला चेंडू दिला होता. केव्हिन एल्स्टरने त्याला ग्रँड स्लॅम मारला. धाकट्या भावाने तो सामना दूरचित्रवाणीवर पाहिला होता. संघ तेच, इनिंग तीच, ग्रँड स्लॅमही तसाच. अकरा वर्षांचे अंतर मिटून दोन पराभवांचा एक झाला होता. त्याला हे दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. नंतर त्याने स्वतःच्या हाताने शेजारच्या रकान्यात लिहिले : ‘हे १९९६ चे आहे.’

याच ओघात ज्येष्ठांनी आणखी एक धागा उलगडला, जो आम्हा इतरांना ठाऊक नव्हता. २००७ पूर्वी अमेरिकन लीगमधला एका सामन्यातील धावांचा उच्चांक २९ होता आणि तो दोनदा नोंदला गेला होता. त्यांपैकी पहिल्या वेळी, जून १९५० मध्ये, बोस्टनने ज्यांना २९–४ असे हरवले ते सेंट लुईस ब्राउन्स, म्हणजे चार वर्षांनी बाल्टिमोरला येऊन ओरिओल्स झालेला हाच संघ. जुना उच्चांक आणि नवा उच्चांक, दोन्ही एकाच घराण्याच्या वाट्याला आलेले. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. आपल्या माणसाचे सगळे आजार तारखेनिशी ठाऊक असणाऱ्याचा तो आवाज होता.

आता माझ्याविषयी. मी दहा वर्षे सर्वांना सांगत आलो होतो, की मी शेवटच्या बॅटरपर्यंत जागा सोडली नाही. माझ्या तक्त्यात नवव्या इनिंगचे वर्णनही होते. ज्येष्ठ सदस्यांना स्कोअरकार्डाच्या समासात सोबत्यांची नोंद करण्याची सवय आहे : कोण कधी आले, कोण कधी गेले. माझ्या जागेच्या क्रमांकापुढे, सहाव्या इनिंगनंतर, त्यांच्या बारीक अक्षरात ‘गेला’ असे लिहिलेले होते. १४–३ झाल्यावर मी उठून गेलो होतो. नववी इनिंग मी त्या रात्री बातम्यांत पाहिली असणार. मी खोटे बोलत नव्हतो, पण जे सांगत होतो ते खरेही नव्हते. निष्ठा सिद्ध करण्याची ओढ आठवणीलाही वळण लावते, हे मी त्या समासातून शिकलो, आणि ती नोंद मी माझ्या तक्त्याशेजारी पूर्ण वाक्यात उतरवून ठेवली.

निर्णयाची ठिकाणे : मैदानावर

इनिंगवार मांडणी हाती आल्यावर एक वाद, जो आम्ही वर्षानुवर्षे नुसत्या आवेशाने घालत होतो, तो प्रथमच नीट घालता आला. ट्रेंब्ली यांनी काय करायला हवे होते?

सहाव्या इनिंगच्या आरंभी ५–३ अशी स्थिती असताना कॅब्रेराला पुन्हा पाठवणे योग्यच होते. दोन धावांचे अंतर होते आणि दुसरा सामना अजून बाकी असल्याने पहिल्या पिचरने जास्तीत जास्त वेळ खेचणे गरजेचे होते. त्याला त्या इनिंगमध्ये एकही बॅटर बाद करता आला नाही. त्याच्या जागी आलेल्या बरेसने दोघांना बाद केले, पण तेवढ्यात त्याच्या नावावर आठ धावा लागल्या. माझे मत असे, की संपूर्ण दिवसातला खरा निर्णयाचा क्षण हाच होता. त्या आठ धावांच्या मध्ये कुठेतरी सामना वाचवण्याचा प्रयत्न सोडून दुसऱ्या सामन्यासाठी पिचर राखण्याचा विचार सुरू झाला असावा, आणि तो विचार थोडा लवकर सुरू झाला असे मला वाटते. थोरला भाऊ याच्याशी सहमत नाही. त्याच्या मते डबलहेडरच्या दिवशी पाच-सहा धावांनी मागे पडलेल्या संघाने तसाच विचार करावा.

१४–३ नंतर मात्र प्रश्न निराळा होता. बेलने सातवी इनिंग एकही धाव न देता काढली. आठवीत तो एकालाही बाद करू शकला नाही आणि उरलेल्या दोन्ही इनिंगचा भार शूईवर पडला. शूई तेव्हा छत्तीस वर्षांचा होता; खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, खेळ सोडल्यावर, तो त्या वर्षी परत आला होता. दोन इनिंगमध्ये त्याच्या नावावर नऊ धावा लागल्या. इथे क्षेत्ररक्षकाला उभे करून शूईची सुटका करता आली असती का? १९९६ चा अनुभव सांगतो, की त्याने धावा थांबल्या नसत्या. पण २४–३ झाल्यावर धावा थांबवणे हे ध्येय उरलेलेच नव्हते. एका माणसाला ती नववी इनिंग टाकायला न लावणे, हे माझ्या दृष्टीने पुरेसे कारण होते.

पुढे बेसबॉलमध्ये हा प्रकार बराच रूढ झाला, इतका की २०२३ च्या नियमानुसार पिछाडीवर असलेला संघ किमान आठ धावांनी मागे असेल तरच, किंवा सामना जादा इनिंगमध्ये गेला असेल तर, क्षेत्ररक्षकाला पिचिंग देता येते. ओरिओल्सच्या चाहत्याला या बाबतीत एक आनंदाची आठवणही आहे. ६ मे २०१२ रोजी बोस्टनमध्ये सामना सतराव्या इनिंगपर्यंत लांबला, सगळे पिचर संपले, आणि ख्रिस डेव्हिस या बॅटरने दोन इनिंग एकही धाव न देता टाकल्या. ओरिओल्सने तो सामना ९–६ असा जिंकला. डेव्हिस आदल्या वर्षी बाल्टिमोरला आला होता, आणि आला होता टेक्सासकडून.

टेक्सासच्या बाजूने शेवटच्या तीन इनिंग वेस लिटलटनने टाकल्या आणि त्याला ‘सेव्ह’ मिळाला, कारण नियमाप्रमाणे जिंकणाऱ्या संघाच्या पिचरने अखेरच्या तीन इनिंग परिणामकारकपणे टाकल्या, तर आघाडी कितीही असली तरी तो श्रेयाला पात्र ठरतो. मुलीला हा नियम समजावून सांगायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. सत्तावीस धावांनी जिंकलेला सामना त्याने नेमका कशापासून वाचवला, हा तिचा प्रश्न रास्त होता.

निष्पत्ती

नोंदवही पूर्ण झाली ती ऑक्टोबरमध्ये. तिच्यात पाच तक्ते, त्यांच्याशेजारच्या दुरुस्त्या, आणि मूळ स्कोअरकार्डाची प्रत आहे. ती थोरल्या भावाच्या मुलीकडे असते. तिने पहिल्या पानावर, कुणी न सांगता, अंतिम धावसंख्या लिहिण्याऐवजी तिसऱ्या इनिंगअखेरची धावसंख्या लिहिली आहे : बाल्टिमोर ३, टेक्सास ०.

आमच्या गप्पा बदलल्या, पण थांबल्या नाहीत. धाकट्या भावाची भीती होती तसे कुणाचे मन उतरले नाही. उलट १९९६ चा सामना वेगळा झाल्यामुळे आमच्याकडे हळहळण्यासाठी आता एकाऐवजी दोन पराभव आहेत, आणि दोन्हींना स्वतःचा चेहरा आहे.

एका मुद्द्यावर मतभेद कायम राहिला. १९९८ ते २०११ अशी सलग चौदा वर्षे ओरिओल्सने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. ट्रेंब्ली यांना जून २०१० मध्ये जावे लागले; त्याच ऑगस्टमध्ये बक शोवॉल्टर आले. २०१२ मध्ये ९३ विजय मिळवून संघ वाइल्ड कार्ड सामन्यात, म्हणजे पुढच्या बाद फेरीतला प्रवेश ठरवणाऱ्या एकाच लढतीत, पोचला आणि ५ ऑक्टोबरला आर्लिंग्टनमध्ये, टेक्सासच्याच मैदानावर, त्यांना ५–१ असे हरवून पुढे गेला. थोरल्या भावाला नोंदवहीच्या अखेरीस हा निकाल ‘परतफेड’ म्हणून लिहायचा होता. मी विरोध केला. २००७ च्या दिवशी जे खेळले, त्यांच्यातले बहुतेक २०१२ मध्ये संघात नव्हते. त्यांचा पराभव त्यांच्याकडेच राहतो आणि नंतरच्यांचा विजय नंतरच्यांचा असतो. अखेर तो निकाल वहीत गेला, ‘परतफेड’ हा शब्द वगळून.

वेगळे काय करता आले असते

आमची सर्वांत मोठी चूक आरंभीच झाली होती. तक्ते भरण्याआधी आम्ही एका जेवणाच्या टेबलावर दोन तास त्याच सामन्याविषयी बोललो होतो, आणि त्याआधी दहा वर्षे बोलत होतोच. त्यामुळे पाच तक्ते हे पाच स्वतंत्र साक्षी नव्हते. तिघांच्या तक्त्यांत पहिल्या इनिंगला टेक्सासच्या दोन धावा होत्या, ज्या कधी झाल्याच नव्हत्या. हा एकसारखेपणा एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला होता हे उघड आहे. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी आधी लिहावे आणि मग भेटावे. परिचारिका सदस्यांचे कोरे रकाने हे त्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक होते. आम्ही बाकीच्यांनी रिकामी जागा दिसली की ती भरली.

दुसरे, तिकिटांची अर्धुके, त्या दिवशीची छायाचित्रे, घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार असे जे काही असेल ते आधी एकत्र करायला हवे होते. ज्येष्ठांचे स्कोअरकार्ड सापडले हा योग होता. त्यांनी घर बदलले असते तर आज माझी नववी इनिंग तशीच खरी राहिली असती.

तिसरी उणीव मात्र आमच्या ध्यानात वही पूर्ण झाल्यावर आली. त्या दिवशीचा दुसरा सामना ओरिओल्स ९–७ असा हरले. तीस धावा स्वीकारून पुन्हा मैदानात उतरलेल्या संघाने सात धावा काढल्या आणि केवळ दोन धावांनी सामना गमावला. माझ्या मते त्या दिवसाचा मनाला लागण्यासारखा पराभव तोच होता, कारण तो जिंकता येण्यासारखा होता. त्याविषयी आमच्या पाचही तक्त्यांत एक ओळ नाही. मी तर तेव्हा मैदानात नव्हतोच. भाऊ म्हणतात की आम्ही थांबलो होतो, पण त्यांना काही आठवत नाही. ज्येष्ठ सदस्यांनी त्या सामन्याचेही स्कोअरकार्ड भरले होते, असे त्यांना वाटते. ते कपाटात नाही. त्यांच्या मुलाच्या घरी माळ्यावर तीन खोकी आहेत, आणि मुलीने ती उघडून पाहण्याचे काम आपल्याकडे घेतले आहे.